आबांनी बांधलेली छाती

बोकडाच्या चापा मी आयुष्यभर चवीने खाल्ल्या. दोन बरगड्यांच्या मधलं मांस दाताने ओढून काढायचं, त्यातच खरी मजा, असं आमच्या घरात सगळेच मानतात. तसलंच मांस माझ्याही बरगड्यांच्या मधे आहे आणि ते राबतं म्हणून मी जिवंत आहे, हे कळायला मला चव्वेचाळीस वर्षं आणि एक आजार लागला.

दवाखान्यात मला व्यायाम शिकवायला धाराबेन यायच्या. त्या म्हणाल्या, "गोकुळभाई, तमे लखो ने. बीजा दर्दीने काम आवशे." माझ्यामागून त्या खाटेवर येणाऱ्याला उपयोग होईल, म्हणून लिहितो आहे. मी सुरतेतच मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलो आणि पंचवीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कापड विणलं. लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलं तर चालवून घ्या. आजार कशाने होतो ते डॉक्टर सांगतील. मी माझ्यावर काय गुजरलं तेवढं सांगतो. त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी धाराबेनलाही सांगितलेली नाही.

आमचे आबा

आम्ही मूळ पारोळ्याकडचे. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी सुरतेला आले आणि अडतीस वर्षं लूमवर उभे राहिले. त्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान गेले. ज्यांनी लूमचं खातं पाहिलं नाही त्यांना सांगतो, आत शिरलं की शेजारच्या माणसाने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. तार तुटली, चहा आला, खात्यावर देखरेख करणारा मास्तर येतोय, त्याच्या बायकोने त्याला काल घराबाहेर काढलं, सगळं ओठांवर. आबा त्यात सगळ्यांचे गुरू होते. चार मशीन पलीकडे दोघं कुजबुजत असली तरी यांना इकडे हसू यायचं.

डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांतही तीच रीत होती. आबांच्या समोर यायचं, ते बघताहेत ना याची खात्री करायची आणि बोलायचं. माझी बायको मंगल सावकाश बोलते, तिचं त्यांना पटकन कळायचं. माझी मुलगी दीपाली गुजराती शाळेतली, ती भराभरा बोलते, मग आबा गावाकडच्या बोलीत म्हणायचे, "धीरे बोल वं माय, मना डोया थकी जातस."

पाय

आषाढात मला हगवण लागली. चार दिवसांत बरा झालो आणि कामावर गेलो. आठवड्याने पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. बारा तास उभं राहणाऱ्या माणसाच्या पायांत काही ना काही होतच असतं, त्यामुळे मी बाम चोळला आणि विसरलो. रजा घेतली की आपल्या मशीनवर बदली माणूस उभा राहतो आणि तो मास्तरला आवडला तर आपण गेलोच, ही भीती आम्हा सगळ्यांच्या पोटात असते. तिसऱ्या दिवशी खात्याच्या पायऱ्या चढताना मी भिंत धरली. चौथ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा पाय जड झाले होते आणि छातीभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं दुखत होतं.

आता आबांनी काय केलं ते नीट समजून घ्या. लूमवर सुताने भरलेला बीम, म्हणजे मोठा रूळ, चढवायचा असतो, तो भलता जड असतो. आबांच्या वेळी तो माणसंच खांद्यावर उचलून न्यायची. उचलण्याआधी गमछा कमरेवर आणि बरगड्यांवर कचकन आवळून बांधायचा. छाती बांधली की दम सुटत नाही, असं ते मानत. त्यांच्या आयुष्यात ते खरंही ठरलं होतं. त्यामुळे आमच्या घरात कुणाचं काहीही दुखलं की बांधणं हा पहिला उपाय. डोकं दुखलं, डोकं बांध. पाठ दुखली, पाठ बांध.

आबांनी स्वतःचं जुनं, मऊ धोतर फाडलं, त्याचा रुंद पट्टा केला आणि माझ्या छातीला चार वेढे दिले. गुडघा माझ्या पाठीला टेकवून त्यांनी गाठ मारली. "आते दम टिकी," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दुखणं थोडं दबल्यासारखं झालं आणि वडिलांचा हात लागला म्हणूनही असेल, पण मला झोप लागली. हे आबांपर्यंत नंतर कधीच पोचलं नाही.

कात्री

दुपारी मंगलने जेवायला उठवलं. मी "नको, भूक नाही" एवढं म्हणताना मधे थांबलो आणि पुन्हा श्वास घेतला. ती माझ्याकडे बघतच राहिली. आमची मंगल साडीच्या किनारीचे धागे कापायचं काम घरी आणते, तिची नजर बारीक आहे. तिने पाहिलं की माझ्या मानेच्या शिरा श्वासागणिक ताठ होताहेत. तिने ताट ठेवलं आणि रिक्षा आणायला पळाली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी मला एका दमात आकडे मोजायला सांगितले. मी सहापर्यंत गेलो. कुणाच्या घरी असं काही झालं तर हे लक्षात ठेवा, एका दमात मोजून बघा, आणि आकडे दिवसागणिक कमी होत असतील तर वाट पाहू नका.

मग त्यांनी शर्ट वर केला आणि धोतराचा पट्टा पाहिला. त्यांनी कात्री मागवली, चारी वेढे कापले आणि ते कापड उंच धरून विचारलं, "ये किसने बांधा? ऐसे में आदमी साँस कैसे लेगा?"

डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे आमच्याबरोबर आलेल्या आबांना शब्द कळले नाहीत. पण डॉक्टरांच्या हातात काय आहे आणि त्यांचे डोळे कसे झालेत, ते त्यांना दिसलं.

दोन श्वासांच्या मधे

आजाराचं नाव जीबीएस निघालं. अंगातलं सैन्य चुकून आपल्याच नसांवर चालून जातं, असं मोठ्या डॉक्टरांनी मंगलला सांगितलं. आधी पाय जातात, मग हात, आणि नशीब वाईट असेल तर छाती. छाती म्हणजे फुप्फुस नव्हे, ते माझं ठणठणीत होतं. पण फुप्फुस स्वतः काही करत नाही, ते नुसतं पडून असतं. त्याला उघडतात ते बरगड्यांमधले स्नायू आणि खालचा पडदा. त्यांना निरोप पोचेनासे झाले होते. संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडात नळी होती आणि श्वास यंत्राच्या हाती होता.

पुढच्या दिवसांचं काय सांगू? मला सगळं कळत होतं. लोकांना वाटतं असा माणूस बेशुद्ध असतो. मी छताकडे बघत होतो, पंख्याची पाती मोजत होतो, आणि यंत्राने पुढचा श्वास दिला नाही तर काय, याचा विचार करत होतो. सकाळी अंग पुसायचे, कुशीवर वळवायचे, मग नळीतून कफ ओढायचे. तो ओढताना जीव डोळ्यांत यायचा. रंजनबेन नावाच्या सिस्टर होत्या, त्या ओढण्याआधी दरवेळी माझ्या कपाळावर हात ठेवायच्या. बाकी कुणी ठेवत नव्हतं.

घरी वेगळंच चाललं होतं. मंगल आबांशी बोलेनाशी झाली. बहिऱ्या माणसाशी न बोलणं फार सोपं असतं, नुसतं तोंड फिरवायचं. ती त्यांना जेवायला वाढायची आणि पाठ करून भांडी घासायला बसायची. हे मला दीपालीने पुष्कळ नंतर सांगितलं.

तेराव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी तिथे बसवली आणि माझं तोंड मोकळं झालं. आवाज मात्र निघत नव्हता, वारा गळ्यातूनच परत जायचा. मी ओठ हलवत राहायचो आणि कुणाला काही कळायचं नाही. रंजनबेननी अक्षरांची पाटी आणली, ती गुजराती, मला न वाचता येणारी. मी रडायला लागलो. डोळे पुसायला हात उठत नव्हते, पाणी कानात जायचं.

दुसऱ्या दिवशी मंगलच्या जागी आबा आत आले. पायाशी अंग चोरून उभे राहिले. मी त्यांना पाहिलं आणि ओठ हलवले. आबांनी लगेच मोठ्याने सांगितलं, "पीठ खाजवते बोलता है. डावी बाजू. खांदा के नीचे." बहिऱ्याचा आवाज तो, सगळा वॉर्ड दचकला. रंजनबेननी बोटं घातली आणि बरोबर जागी खाजवलं. मला जे सुख झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

तेव्हापासून आबांना रोज दोन तास आत बसायची परवानगी मिळाली. ऐकू न येणारा म्हातारा अख्ख्या वॉर्डाचा दुभाषा झाला. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, त्यांच्याही गळ्यात नळी. त्यांच्या मुलींनी आबांना हात धरून नेलं. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "उशी काढो बोलती. मान दुखती." आजींच्या मुली आबांच्या पाया पडल्या. त्या दिवशी आबा ताठ चालत बाहेर गेले. माझ्याजवळ बसले की ते एक हात माझ्या छातीवर ठेवायचे, यंत्र छाती वर करायचं आणि त्यांचा हात वर यायचा. ते बघत बसायचे.

अकरा मिनिटं

महिना होत आला तशा धाराबेन यायला लागल्या. त्यांनी मला बरगड्या समजावल्या. त्या म्हणाल्या, बादलीची कडी वर उचलली की कशी बाहेर निघते, तशी प्रत्येक बरगडी श्वासाबरोबर वर आणि बाहेर जाते. तिला उचलणारे स्नायू बोटाएवढे रुंद, आणि दिवसातून हजारो वेळा न सांगता उचलतात. माझे महिनाभर निजले होते. आता त्यांना उठवायचं होतं.

यंत्र काढून बघायचा दिवस ठरला. मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं, आठ दिवसांत घर, गणपतीच्या आरतीला हजर. धाराबेननी गळ्यातल्या नळीपासून यंत्र वेगळं केलं. पहिली पाच मिनिटं मी राजा होतो. मग मान ओढायला लागली, पोट उलटं हलायला लागलं, घाम फुटला. अकराव्या मिनिटाला त्यांनी पुन्हा यंत्र जोडलं. "सरस, बहु सरस," त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने ते चांगलंच होतं. पण माझं मन तिथे मोडलं. आपण आता या यंत्राचे झालो, असं मला पक्कं वाटलं.

तासाभराने आबा आले. हसत होते. दीपालीला चाचणीत चांगले गुण पडले होते, ते सांगत होते. बोलता बोलता त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला.

मी ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द सुटा, त्यांना नीट कळावा म्हणून.

"तुम्हीच बांधी मनी छाती. तुम्हीच मारं माले."

आबांचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच तोंडावर राहिलं. वॉर्डात सोळा-सतरा माणसं होती, त्यांतल्या एकालाही कळलं नाही की मी आत्ता काय बोललो. रंजनबेननी हाताने खूण करून विचारलं, काय म्हणतोय?

आबा म्हणाले, "पानी मांगता है."

रंजनबेननी कापूस भिजवला आणि माझे ओठ ओले केले.

त्यानंतर

आबा दुसऱ्या दिवशी आले. वेळेवर आले. एक दिवसही चुकवला नाही. उशी, कूस, खाज, थंडी, सगळं पूर्वीसारखं वाचून सांगितलं. फक्त हात पाठीमागे बांधून उभे राहायला लागले. छातीवर हात पुन्हा ठेवला नाही. आणि मी दुसरं काही बोलायला ओठ उघडले, "आबा, काल मी," एवढं सुरू केलं, की ते खिडकीकडे बघायचे. ज्याला ऐकायचं नसतं तो कानावर हात ठेवतो. आबांना तेवढंही करावं लागत नव्हतं.

मी बरा होत गेलो. अकराची वीस मिनिटं झाली, मग तास, मग अर्धा दिवस. चाळिसाव्या दिवशी यंत्र सुटलं, पुढे नळी निघाली. आवाज फुटला तेव्हा मी मोठ्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला, छाती बांधल्यामुळे हे झालं का?

ते म्हणाले, "नाही. नसा आधीच जात होत्या. न बांधता आणलं असतं तरी यंत्र लागलंच असतं. त्या चार-पाच तासांत श्वासाला थोडा जास्त त्रास झाला असेल, एवढंच. हे मी तुमच्या घरच्यांना पहिल्या आठवड्यातच सांगितलंय."

मंगलला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "सांगं व्हतं." तिला सांगितलं होतं आणि आबा तिथेच शेजारी उभे होते. पण डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता. मंगल त्या दिवसांत आबांकडे तोंड करत नव्हती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोन महिने आबा त्या दवाखान्यात येत-जात होते. डॉक्टर, सिस्टर, धाराबेन, वॉर्डबॉय, सगळ्यांची तोंडं झाकलेली. त्या एवढ्या मोठ्या इमारतीत माझ्या आजाराविषयी त्यांना सांगू शकणारं एकच तोंड उघडं होतं, ते माझं. छाती कशी चालते, कोणते स्नायू निजले, चूक कुणाची नव्हती, यातला एक शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. त्यांना आजाराचं कारण सांगणारा मी एकटा, आणि मी ते तसं सांगितलं.

तुमच्या घरात कमी ऐकणारं माणूस असेल तर डॉक्टरांना हात जोडून सांगा की एक मिनिट दूर उभे राहा, पण मास्क खाली करा. धाराबेननी लिहायला सांगितलेल्यात हे नव्हतं. पण मला द्यायला याच्याएवढा कामाचा सल्ला दुसरा नाही.

उधना

आबा आता नाहीत. माघात ते गावी चुलत्याकडे गेले आणि तिथेच एका सकाळी चहा पिता पिता गेले. गावी असताना मी व्हिडिओ कॉल लावायचो, पण चित्र अडकायचं आणि अडकलेले ओठ कुणालाच वाचता येत नाहीत. आबा फोन उलटा करून चुलत्याकडे द्यायचे.

त्याआधीचा, तपासणीचा दिवस सांगतो आणि थांबतो. मी घरी आलो होतो, काठीने चालत होतो. छाती जवळपास पूर्ण परतली होती, एका दमात पस्तीसपर्यंत मोजत होतो. हात मात्र अजून खांद्याच्या वर जात नव्हते. मी हट्टाने आबांना बरोबर नेलं आणि डॉक्टरांना सांगितलं, मास्क काढा आणि यांना समोर बसवून सांगा. डॉक्टर भला माणूस. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आबांच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि सावकाश हिंदीत म्हणाले, "काका, आपके बांधने से कुछ नहीं हुआ. बीमारी पहले से थी." दोनदा म्हणाले. आबांनी मान डोलावली, हात जोडले. मला वाटलं, सुटलो.

परतताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. उधन्याच्या पुलाजवळ गर्दीत रिक्षा थांबली. आबा समोर बघत म्हणाले, "डॉक्टर भला माणूस शे. म्हातारानं मन राखं त्यानी."

रिक्षा दोन हात पुढे सरकून पुन्हा थांबली.

"तू तवय दवाखानामा मन राखाले नही बोलना व्हता," ते म्हणाले. "तू खरं बोलना व्हता."

माझ्या छातीत तेव्हा पुरेसा दम होता. मी म्हणालो, "आबा, ते खोटं होतं. मी भ्यालो होतो म्हणून बोललो. तुम्ही बांधलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, झोप लागली होती मला. आबा, इकडे बघा."

रिक्षात माणसं शेजारी शेजारी बसतात, समोरासमोर नाही. आबा बाहेर बघत होते. त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवायचं, एवढंच करायचं होतं. मी हात उचलला. तो त्यांच्या कोपरापर्यंत गेला आणि तिथून मांडीवर पडला. आबांना वाटलं मला आधार हवा आहे, त्यांनी माझा हात हातात घेतला, पण वळून पाहिलं नाही.

मी पुन्हा बोललो. मोठ्याने, सगळं, एका दमात. रिक्षावाल्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या मोटारसायकलवरच्या माणसाने पाहिलं. आबा पुलाकडे बघत राहिले.